पाचशे डॉलरचा सिनेमा

गेल्या वर्षी उत्सवाच्या तयारीच्या बैठकीत मंडळातल्या चार मुलांनी एक मागणी केली. पाचव्या दिवशी आरतीनंतर त्यांना स्वतः केलेला बारा मिनिटांचा सिनेमा दाखवायचा होता. कथा एका व्हिडिओ गेममधली, चित्रीकरण मोबाईलवर, तलवारी पुठ्ठ्याच्या. ज्येष्ठांनी विचारले, "हे आपल्या उत्सवात बसते का?" आम्ही कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलो होतो. आमच्या तोंडून वेगळाच प्रश्न गेला : "कंपनीची परवानगी घेतलीत का?" सरकारी नोकरीत वीस वर्षे नस्त्या हलवणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार! मुलांनी एकमेकांकडे पाहिले. विषय वर्षभर पुढे ढकलला गेला. त्या वर्षात या प्रकाराची जी माहिती आम्ही धुंडाळली, ती वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या पिढीने १९९०च्या दशकात टीव्हीला जोडलेल्या खोक्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले. गल्लीतल्या दुकानात तासावर पैसे मोजून खेळायचे. ती बहुतेक यंत्रे आणि त्यांत घालायची कार्ट्रिजे मूळ जपानी कंपनीला न विचारता केलेल्या नकला होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळले. म्हणजे परवानगीची भाषा बोलणारे आम्ही स्वतः विनापरवाना खेळांवरच वाढलो.

त्याच मारिओवर अमेरिकेत १९९३ साली मोठा सिनेमा निघाला. त्यावर चार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला आणि तो सपशेल पडला. खेळावर प्रेम करणाऱ्यांनाही त्यात आपला मारिओ दिसला नाही.

खेळणाऱ्यांनी स्वतः सिनेमा करण्याची सुरुवात तीन वर्षांनी झाली. १९९६च्या जूनमध्ये आयडी सॉफ्टवेअर या टेक्सासमधल्या कंपनीचा 'क्वेक' हा गोळीबाराचा खेळ बाजारात आला. त्यात झालेला डाव नोंदवून ठेवण्याची सोय होती. ही नोंद चित्रांची नव्हे. बुद्धिबळाच्या चाली कागदावर लिहून ठेवाव्यात आणि नंतर कुणीही पट मांडून तो डाव पुन्हा पाहावा, तसा हा प्रकार. ज्याच्याकडे खेळ आहे त्यालाच ती नोंद 'चालवून' पाहता येई. 'रेंजर्स' नावाच्या खेळाडूंच्या गटाने याचा उपयोग करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'डायरी ऑफ अ कॅम्पर' हे दीड मिनिटाच्या आसपासचे नाट्य रचले. कॅम्पर म्हणजे दबा धरून बसणारा खेळाडू. एक तुकडी आत शिरते, दबा धरलेला गडी दोघांना टिपतो, उरलेले त्याला संपवतात आणि पाहतात तर तो त्या खेळाच्या कर्त्यांपैकीच एक, जॉन रोमेरो! आवाज कुणी दिला नव्हता, संवाद पडद्यावर टाइप केलेले. आज पाहताना हसू येते. पण नुसती कुणी किती मारले याची नोंद न ठेवता त्यातून गोष्ट सांगावी, हे तिथे कुणाला तरी सुचले. पुढे या प्रकाराला 'मशिनिमा' हे नाव पडले.

आयडी सॉफ्टवेअरने या गमतीला हरकत घेतली नाही. आपल्या खेळात लोकांनी फेरफार करावेत, याला त्या कंपनीचे मुळातच उत्तेजन होते. इतिहासाचा पुढचा सगळा धागा इथूनच निघतो. पडदा कुणाचा, पात्रे कुणाची आणि मालक काय म्हणतो?

२००३च्या १ एप्रिलला टेक्सासमधल्याच ऑस्टिन गावच्या काही मित्रांनी 'रेड व्हर्सेस ब्लू' ही मालिका सुरू केली. मायक्रोसॉफ्टच्या 'हेलो' या खेळातले चिलखत घातलेले सैनिक एका ओसाड दरीत समोरासमोर तळ ठोकून आहेत आणि लढण्याऐवजी वाद घालत बसतात. पहिल्याच भागात दोन शिपाई, आपण इथे नेमके कशासाठी आहोत, यावर चर्चा करतात. आमच्या कार्यालयात दुपारच्या चहाला हीच चर्चा चालते, म्हणून आम्हाला ती विशेष आवडली. करण्याची रीत अगदी कळसूत्री बाहुल्यांची होती. एकेक खेळाडू एकेक पात्र हलवी आणि एकाच्या पडद्यावर जे दिसे ते चित्रित होई. शिरस्त्राणाआड तोंड दिसत नाही, म्हणून बोलणाऱ्या पात्राची मान खालीवर हलवायची. मायक्रोसॉफ्टने हे थांबवले नाही. उलट २००७ साली नियमच छापले : आमच्या खेळांवर खुशाल चित्रफिती करा, त्यावर धंदा मात्र करू नका. सहा-आठ भागांपुरती योजलेली ही मालिका वीस वर्षांहून अधिक चालली. तिचा शेवट २०२४ मध्ये झाला.

या सगळ्यात २००९ हे साल आम्हाला फार बोलके वाटते. त्या फेब्रुवारीत कॅनडातल्या टोरोंटोच्या पर्चेस बंधूंनी 'एस्केप फ्रॉम सिटी सेव्हन्टीन' हा लघुपट इंटरनेटवर टाकला. 'हाफ-लाइफ २' या खेळाचे जग, पण माणसे खरी आणि बर्फाळ टोरोंटोही खरे. खेळातल्या इमारती, यंत्रे आणि आवाज संगणकावर काढून घेऊन त्यांनी चित्रीकरणात मिसळले. खर्च पाचशे डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पंचवीस हजार रुपयांच्या आतबाहेर. आपल्याकडच्या एखाद्या गल्लीतल्या मंडळाचा मांडवही तेवढ्यात होत नाही. पहिल्याच दिवशी दहा लाखांवर लोकांनी तो पाहिला. खेळाची मालक कंपनी व्हॉल्व्ह, तिने परवानगी दिलेली नव्हती. पण बघून ती रागावली नाही, खूश झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या अटलांटा भागातल्या एका चमूने 'द हिरो ऑफ टाइम' हा पूर्ण लांबीचा सिनेमा पुरा केला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'झेल्डा' मालिकेतल्या १९९८च्या खेळावर तो बेतलेला होता. राजकन्या, दुष्ट राजा, काळाच्या पलीकडे जाणारा हिरव्या अंगरख्यातला मुलगा, अशी ती कथा. हौशी माणसे काही वर्षे राबली. जूनमध्ये अटलांटातल्या प्लाझा थिएटरात पहिला खेळ झाला. १४ डिसेंबरला तो सर्वांसाठी इंटरनेटवर विनामूल्य आला आणि वर्ष संपता संपता उतरलाही. निन्टेन्डोशी बोलणे होऊन वाटप बंद करण्याचे ठरले होते. कंपनीला आपली पात्रे जपायचा हक्क आहे, हे करणाऱ्यांनी मान्य केले. अनेक वर्षांची मेहनत आणि जगापुढे जेमतेम अडीच आठवडे. विसर्जनासाठी तयार केलेल्या मूर्तीचे आपण समजू शकतो, पण यांनी विसर्जनासाठी केले नव्हते.

इथे आमचे मन दोन्हीकडे ओढ घेते. अनंत चतुर्दशीला आपल्या इंदुरात गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात. हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांच्या थकीत देण्यांचा निकाल लागायला २०२३ उजाडले, तरी झांकी थांबली नाही. पदरमोड करून, वर्गणी मागून, रात्री जागून लोकांनी ती उभी केली. त्यात समुद्रमंथन दाखवताना कुणाला कधी व्यासांच्या वारसांकडून ना हरकत आणावी लागली नाही. आपल्या गोष्टींना मालकच नाही. आताच्या मुलांना ज्या गोष्टी तोंडपाठ आहेत, त्या सगळ्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. त्यांच्या रावणालाही मालक आहे आणि मारुतीलाही.

पण याची दुसरी बाजू मराठी माणसाला सांगायला नको. आपली हौशी नाट्यमंडळी नाटक बसवण्याआधी लेखकाला पत्र लिहितात, प्रयोगाचे मानधन पाठवतात. कुणी ते बुडवले तर आपणच त्याला नावे ठेवतो. लेखकाच्या घरची चूल त्यावर पेटते हे आपल्याला कळते. मग खेळ रचणाऱ्या शेकडो माणसांच्या चुलीचे काय, हा प्रश्न मुलांना विचारणे गैर नाही. फरक इतकाच, की लेखक पत्राला उत्तर देतो.

पुढची हकीकत थोडक्यात. २०१०च्या जूनमध्ये केविन टँचरोएनने 'मॉर्टल कॉम्बॅट : रीबर्थ' हा आठ मिनिटांचा लघुपट सुमारे साडेसात हजार डॉलरमध्ये, न विचारता केला. वॉर्नर ब्रदर्सने त्याच्यावर खटला भरण्याऐवजी पुढच्या वर्षी त्याच्याच हाती मालिका दिली. २०११च्या ऑगस्टमध्ये डॅन ट्रॅक्टेनबर्गने 'पोर्टल'वर सात मिनिटांचा 'नो एस्केप' केला : एक खोली, एक कैदी मुलगी, संवाद जवळजवळ नाहीतच. हे सगळे पाहताना आम्हाला सर्वांत आवडला तो हाच. पाच वर्षांनी तो माणूस हॉलिवुडच्या मोठ्या चित्रपटाचा दिग्दर्शक झालेला होता. अटलांटाच्या मंडळींचे काम यांच्यापेक्षा कमी जीव ओतून केलेले नव्हते, फक्त त्यांच्या राजकन्येचा मालक वेगळा होता.

आता आमच्या चार मुलांचे. मार्च महिन्यात त्यांनी कंपनीला इंग्रजीत रीतसर पत्र पाठवले. मसुदा आम्हीच तपासून दिला. हा मजकूर छापायला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. जुलैच्या बैठकीत विषय पुन्हा निघाला. सिनेमा फक्त सभागृहात दाखवायचा, तिकीट नाही, इंटरनेटवर टाकायचा नाही आणि मूळ खेळ कुणाचा हे सुरुवातीलाच पडद्यावर लिहायचे, असे ठरले. संस्कृतीची शंका काढणारे ज्येष्ठ सर्वांत आधी हो म्हणाले. त्यांच्या नातवाचे त्यात राक्षसाचे काम आहे, हे आम्हाला मागाहून कळले. आम्हीही हात वर केला, पण जरा उशिरा.