रंगभवनातलं स्वतःचं गाणं

मराठवाड्यात बँड म्हटलं की वरात डोळ्यांपुढे येते. मुंबईत १९८४ साली उभ्या राहिलेल्या ‘रॉक मशीन’ची वाट मात्र वेगळी होती.

सुरुवातीला हा बँडही परदेशी गाणीच वाजवायचा. श्रोत्यांना तीच हवी असत. धोबी तलावाजवळच्या उघड्या रंगभवनात दाटीनं बसलेल्या कॉलेजच्या पोरांसमोर स्वतःचं गाणं म्हणायला छाती लागे. ती हिंमत बँडमधल्या उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवली. १९८८मध्ये स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला. भारतीय रॉकचं खरं वळण हेच.

१९९३ साली बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ झालं. १९९७मध्ये मंडळी पांगली, २०१० साली पुन्हा जमली आणि २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम घेऊन आली.