पुनरावृत्ती कोणी करायची?

पुनरुक्ती हा काव्यदोष म्हणून आपण वर्गात शिकवतो. गाण्यात मात्र ती रचनेचा कणा असते. जात्यावरच्या ओवीत चाल तीच राहते, शब्द बदलतात; आवर्तन सांभाळतो तो जाते फिरवणारा हात. अभंग गाताना चरण संपला की ध्रुवपद परतते आणि टाळकरी ते उचलतात. पुनरावृत्ती हे असे माणसांचे काम होते.

ते यंत्राकडे गेल्याचा एक विलक्षण दाखला मुंबईत सापडतो. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ध्वनिमुद्रित केले. त्यात रोलंडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर ठेका व खर्जातील स्वराकृती अखंड फिरत राहतात. त्यांवर भैरव, यमन, मालकंस उलगडतात. कडवे नाही, ध्रुवपदही नाही. याच टीबी-३०३चा नाद पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या 'ॲसिड ट्रॅक्स'मुळे गाजला; सिंग यांची तबकडी मात्र २०१० च्या पुनःप्रकाशनानंतरच जगभर ऐकली गेली.

डेट्रॉइटमध्ये ऐंशीच्या दशकात रुजलेल्या टेक्नोत रागविस्ताराचा आधारही नाही. एकच आकृती फिरते. एखादा थर चढतो, एखादा उतरतो, आणि तोच बदल रचना ठरतो.

नाशिक ढोलाच्या मिरवणुकीत ठेका तोच असला तरी वादकाचा हात थकतो, लय किंचित ढळते. यंत्र थकत नाही. म्हणून टेक्नोत माणसाचा वाटा नाचणाऱ्यांच्या पावलांत शोधावा लागतो. टाळकऱ्यांची जागा आता त्यांनी घेतली आहे.