मनोरुग्णांसाठी ठेवलेले दान : एक मागोवा



मागे राहणाऱ्यांनी आठवण ठेवावी म्हणून दान करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. देवळाच्या पायरीवर, पाणपोईवर, वर्गखोलीच्या चौकटीवर दात्यांची नावे आपण वाचतो. परंतु मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसासाठी कुणी काही मागे ठेवले, असा एकही दगड चिटगुप्प्याच्या परिसरात माझ्या पाहण्यात आलेला नाही. आजचा विषय मी त्यामुळेच निवडला.

आमच्या घरी मागच्या खोलीत माझी एक चुलती राहत असे. पाहुणे आले की त्या खोलीला बाहेरून कडी लागे. वर्षातून एकदा तिला गाणगापूरला नेत. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, मग श्रीनृसिंहसरस्वतींच्या मठात दर्शन. घरच्यांची श्रद्धा खोटी नव्हती, माया तर मुळीच खोटी नव्हती. त्यांना ठाऊक असलेली वाट तेवढीच होती. आपला भाग १९४८ साली निजामाच्या राज्यातून भारतात आला, १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. राज्ये बदलली, त्या खोलीची कडी मात्र तशीच राहिली.

याच काळात अन्यत्र काय घडत होते? एकोणिसाव्या शतकातील धनिकांनी वेड्यांसाठी दान दिले ते इमारतींच्या रूपाने. सिंधमधील हैदराबादच्या वेड्यांच्या इस्पितळाला सर कावसजी जहांगीर यांचे नाव लाभले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले आणि पुढे कितीतरी वर्षे नरोत्तमदास माधवदास या नावाने ओळखले गेले. या दात्यांची करुणा खरी होती. परंतु त्या काळच्या समजुतीप्रमाणे रुग्णाला समाजापासून दूर, उंच भिंतीआड ठेवणे हाच उपाय मानला जाई. दानाने भिंत उभी राहिली आणि घर रुग्णाला दुरावले.

दानाची दुसरी रीत दाखवली ती सर दोराबजी टाटा यांनी. १९३१ साली पत्नी मेहेरबाई निवर्तल्या, मूलबाळ नव्हते. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली संपत्ती विश्वस्तांच्या हाती सोपवली आणि जूनमध्ये जर्मनीत त्यांचे निधन झाले. विश्वस्तलेखात त्यांनी स्थळ, धर्म वा राष्ट्र यांचे कुंपण घातले नाही. म्हणूनच विश्वस्तांना १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढता आली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. त्या संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. आपल्या देशातील हे पहिलेच. तेथे मूल आईवडिलांबरोबर येई आणि संध्याकाळी आपल्या घरी परत जाई. एका मृत व्यक्तीच्या पैशाने प्रथमच मनाच्या उपचारातून भिंत वगळली, असे मला वाटते.

तिसरे उदाहरण आपल्या भाषेतल्या माणसाचे आहे. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि हा आजार एका रुग्णाबरोबर साऱ्या घराची कशी परीक्षा पाहतो, हे त्यांनी अनुभवले. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ साली आलेल्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही त्यांचीच प्रेरणा आणि मदत होती. २०१७ साली ते गेले. जे दुःख इतर घरे दाराआड ठेवतात, त्यालाच त्यांनी दानाचे निमित्त केले.

आता आपल्या अंगणाकडे वळू. १९८५ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग हाती घेतला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण द्यायचे, मोजकीच औषधे केंद्रात ठेवायची आणि रुग्णाला त्याच्या गावातच सांभाळायचे. त्याच धर्तीवर १९९६ साली देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. समाजात राहण्याचा मनोरुग्णाचा हक्क २०१७ च्या कायद्याने मान्य केला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीने सल्लाही मिळतो.

मग दानाची गरज कुठे उरली? ती उरली शेवटच्या दोन कोसांत. औषध तालुक्याला आहे. पण रोजंदारी बुडवून रुग्णाला तेथवर नेणार कोण? बसचे भाडे कोण देणार? बरे वाटताच औषध सोडणाऱ्याच्या दारी महिन्याने पुन्हा कोण जाणार? या कामावर नामफलक लावता येत नाही, म्हणून त्याला दाते मिळत नाहीत. एखादी लहानशी ठेव, तिचे व्याज आणि गावातली एक प्रशिक्षित, मानधन मिळणारी भगिनी एवढ्याने हे काम चालू शकते.

असे दान मृत्युपत्राने करणे अवघड नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, केल्यास बरे. हयातीत ते केव्हाही बदलता येते. मात्र ज्या संस्थेला द्यायचे तिचे नाव अचूक लिहावे, हेतू स्पष्ट पण रुंद ठेवावा आणि मुलाबाळांना आधी सांगावे. लेकरांच्या तोंडचा घास काढून दान करावे, असे माझे म्हणणे नाही. दहा हिश्श्यांतला एक हिस्सा पुरे.

मी माझ्या मृत्युपत्रात तसा एक हिस्सा लिहून ठेवला आहे. नाव माझे नको, चुलतीचेही नको. तिचे नाव घरात कधी मोठ्याने घेतले गेले नाही, ते दगडावर कोरून भरपाई होणार नाही. आपल्या भागातील एखाद्या घराची कडी बाहेरून लागण्याऐवजी आतून, तिथे राहणाऱ्याच्या इच्छेने लागली, तर ते दान पावले असे मी समजेन.