दंडारीतल्या लुगड्यापासून आपल्या लेकीपर्यंत

धान चुरून झालं असेल, मंडईला आलेले सोयरे परत गेले असतील. आता जरा निवांत बसून ऐका.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वसुली झाली, इतिवृत्त लिहून झालं आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "माझी पोरगी नाटकात काम करीन म्हणते. लोक काय म्हणतील?" सगळ्या गप्प झाल्या. मीही गप्प बसले. घरी येताना ते मनाला लागलं. तेव्हा जे बोलायला हवं होतं, ते आज बोलते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडाझुडपांचा, धानाचा मुलूख. म्हणून आपण झाडीपट्टी. आपल्या नाटकाची मुळं दंडार आणि खडी गंमत यांत आहेत. दंडारीत बाईचं काम पुरुषच करायचा. लुगडं नेसायचा, बांगड्या भरायचा, लाजायचा. आपल्या आज्या ते बघून पदराआड हसायच्या. बाईचं सुखदुःख मांडलं जायचं, पण बोलणारा गडीच असायचा.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला, त्यातली सीतासुद्धा पुरुषच होता. पुढे बालगंधर्व स्त्रीच्या भूमिकेत इतके शोभले की शहरातल्या बाया त्यांच्यासारखं नेसायला लागल्या. १९२० नंतर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांनाही लोकांचं बोलणं चुकलं नसेल. पण त्या उभ्या राहिल्या म्हणून पुढच्यांची वाट सोपी झाली. हळूहळू आपल्या झाडीपट्टीतही बाईचं काम बाईच करू लागली.

आपलं नाटक शेतीच्या तालावर चालतं. दिवाळीत धान घरी येतं, बांधी मोकळी होते, हाती चार पैसे असतात. तेव्हापासून होळीपर्यंत हंगाम. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे कंपन्यांचं ठिकाण. गावचं मंडळ कंपनीशी बोलणी करतं, तिकीट लावतं आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. नाटकाच्या निमित्तानं लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. दारू, हुंडा, शेतकऱ्याचं कर्ज, सगळं त्या रंगमंचावर येतं. हे नाटक आपल्या तिकिटावर जगतं, म्हणून त्यात आपलाही हक्क आहे.

संकटं आली नाहीत असं नाही. शंकरपट आणि नाटक यांची जोडी. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतीवर बंदी आली, ती उठायला २०२१ चा डिसेंबर लागला. मधेच २०२० मध्ये करोना आला आणि रात्रीचे खेळ थांबले. कलावंतांच्या घरी काय गेलं असेल, ते मजुरी बुडालेल्या बाईला वेगळं सांगायला नको. तरी पडदा पुन्हा उघडला. २०२३ मध्ये आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीची मान उंच झाली.

पण मैत्रिणींनो, पुरस्कार जुन्या पिढीला मिळाला. पुढे उभं कोण राहणार? पोरं कामासाठी बाहेर जातात. पोरींना आपणच मागे ओढतो. नायिका बाहेरून आली तर टाळ्या वाजवतो आणि आपली पोरगी म्हणाली तर दार लावतो. नाटकात मधेच नुसता नाच घुसडला तर नावंही आपणच ठेवतो. पण चांगलं काम करणारी गावची मुलगी तिथे नसेल, तर ती जागा दुसरं काहीतरी भरणारच.

आईची काळजी खोटी नाही. रात्रीचा प्रवास असतो, अनोळखी गाव असतं. म्हणून "नाही" म्हणण्याआधी प्रश्न विचारा. मानधन किती, कधी मिळणार, ते कागदावर लिहून देणार का? कपडे बदलायला बायांची वेगळी खोली आहे का? संडासाची सोय आहे का? पहाटे घरी कोण सोडणार? सोबत आणखी बाया आहेत का? शिक्षणाचं काय? कर्ज देताना आपण दहा प्रश्न विचारतो, मग लेकीसाठी का नाही? आणि हे प्रश्न एकट्या आईनं नाही, गटानं मिळून मंडळापुढे ठेवावेत. दहा बाया एकत्र गेल्या की उत्तर द्यावंच लागतं.

त्या ताईंकडे मी परवा जाऊन आले. पोरगी बारावीची परीक्षा देणार आहे, मग गावच्याच हौशी नाटकात छोटं काम करून बघणार आहे. तिकीट काढून पहिल्या रांगेत आम्ही गटातल्या सगळ्या बसणार. लोक काय म्हणतील, याचं उत्तर तिथूनच देऊ.

तुमच्याही गावात अशी पोरगी असेल. पुढच्या बैठकीत वसुली झाली की तिचा विषय नक्की काढा.