शिक्का कोणाच्या हाती?

नोकरीत असताना एक साहेब माझ्या वाट्याला आले होते. टिपणी मी लिहायची, अर्थही मीच समजावून सांगायचा, सही तेवढी त्यांची. चूक झाली की मात्र ती माझी. त्या दिवसांत एकदा बिदरला जाणे झाले आणि महमूद गावानच्या मदरशासमोर उभा राहिलो.

गावान मूळचा इराणमधल्या गिलानचा. 1453 साली व्यापारी म्हणून आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बहमनी सल्तनतीचा वजीर झाला. तिसरा मुहम्मदशहा 1463 मध्ये तख्तावर आला तेव्हा लहान मुलगा होता. मोठा झाल्यावर तो दारूच्या आहारी गेला. राज्याचा गाडा ओढला गावाननेच. गोवा जिंकला, जमिनीची मोजणी करून महसूल ठरवला, चार तरफांच्या आठ केल्या. प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे थेट सुलतानाच्या अखत्यारीत आणले. दख्खनी आणि आफाकी, दोन्ही गटांना त्याने पदे दिली. हे सारे सुलतानाच्या नावाने.

यातून तख्त बळकट झाले, पण सरदार दुखावले. त्यांनी गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्या कारकुनाला फितवले, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि ओरिसाच्या राजाला आक्रमणाचे निमंत्रण देणारे पत्र त्यावर लिहिले. नशेतल्या सुलतानापुढे ते ठेवले गेले. शिक्का माझा, पत्र माझे नाही, असे गावानने सांगितले. चौकशी झालीच नाही. एप्रिल 1481 मध्ये सत्तरीच्या त्या वजिराचा शिरच्छेद झाला. कपट उघडकीस आल्यावर सुलतान पस्तावला, वर्षभरातच वारला. पुढे सल्तनतीची पाच शकले झाली.

आपण प्रामाणिक आहोत, काम चोख आहे, एवढ्याने भागते असे मला वाटत असे. ते पुरेसे नाही. कमकुवत वरिष्ठापेक्षा त्याच्या कानाशी बसलेली माणसे अधिक धोक्याची असतात. परतल्यावर मी साहेबांवर चिडणे सोडले. तोंडी आदेश लेखी घेऊ लागलो, प्रत जपू लागलो, माझ्या सहीचा कागद दुसऱ्याच्या हाती सोपवणे थांबवले. आणि रोज थोडा वेळ साहेबांजवळ बसू लागलो, म्हणजे माझ्याविषयी त्यांना जे कळायचे ते माझ्याकडूनच कळावे.

साहेब बदलले नाहीत. माझी झोप मात्र परत आली.