बँकेच्या दारातला बहुरूपी

आपल्याकडे बहुरूपी फौजदाराच्या वेशात दारी यायचा, लटकाच दम द्यायचा आणि पसाभर धान्य घेऊन जायचा. ब्रुकलिनचा विली सटन (१९०१–१९८०) पोलीस, तारवाला, खिडक्या पुसणारा अशी सोंगे घेऊन थेट बँकेत शिरे. गणवेश दिसला की माणूस चेहरा बघत नाही, हे त्याने बरोबर हेरले होते! १९४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातून तो पहारेकऱ्याच्या वेशात शिडी लावून पळाला.

त्याला भारी कपड्यांचा शौक, म्हणून एफबीआयने त्याचे फोटो शिंप्यांकडेही पाठवले. वडिलांच्या अशाच दुकानात काम करणाऱ्या २४ वर्षांच्या आर्नल्ड शूस्टरने फेब्रुवारी १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याला ओळखले आणि पोलिसांना सांगितले. पेपरांत नाव झळकले, धमक्या आल्या आणि ८ मार्चला घराजवळच त्याला कोणीतरी गोळ्या घातल्या. खुनाबद्दल कोणालाच शिक्षा झाली नाही. खबर देणाऱ्याचे रक्षण करणे शहराचे कर्तव्य आहे, हे न्यायालयाने म्हटले ते १९५८ मध्ये! मंडळी, सटनच्या गोष्टी चवीने सांगणारे पुष्कळ, या मुलाचे नाव कितीजणांना ठाऊक असेल?

सटन १९६९ मध्ये सुटला. मग जाहिरातीत झळकला, तीही एका बँकेच्याच क्रेडिट कार्डाच्या.