पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील रोगप्रतिकारक पेशी

पुरःस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी ग्रंथी होय. तिच्यातील कर्करोगाच्या गाठीत केवळ कर्करोगपेशी नसतात. रक्तवाहिन्या, तंतुजनक पेशी आणि रोगप्रतिकारक पेशीही असतात. या सर्वांना एकत्रितपणे अर्बुदाचे सूक्ष्मपर्यावरण म्हणतात. त्यातील रोगप्रतिकारक पेशी कर्करोगाला अटकाव करतात, तशाच काही वेळा त्याच्या वाढीस हातभारही लावतात.

प्रमुख पेशी

मारक टी-पेशी कर्करोगपेशी ओळखून त्यांचा नाश करतात. याउलट नियामक टी-पेशी प्रतिकाराची तीव्रता कमी करतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशी सूक्ष्मपर्यावरणातील संदेशांमुळे आपले वर्तन बदलतात. त्यांचा एक प्रकार नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस आणि कर्करोगाच्या प्रसारास मदत करतो. मज्जाजन्य दमनकारी पेशी टी-पेशींचे कार्य दडपतात.

संप्रेरक उपचारांशी संबंध

पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. या संप्रेरकांना रोखणारे उपचार आजही प्रमुख आहेत; मात्र कालांतराने अनेक रुग्णांत कर्करोग त्यांना दाद देईनासा होतो. मज्जाजन्य दमनकारी पेशींतून स्रवणारे इंटरल्यूकिन-२३ हे प्रथिन या बदलास कारणीभूत ठरू शकते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार

या कर्करोगात जनुकीय उत्परिवर्तने तुलनेने कमी असतात व गाठीत मारक टी-पेशीही थोड्याच शिरतात. म्हणून त्याला 'थंड' अर्बुद म्हटले जाते. प्रतिकारशक्तीवरील नियंत्रण सैल करणारी औषधे यामुळेच बहुतेक रुग्णांत फारशी प्रभावी ठरत नाहीत. डीएनए-दुरुस्तीत विशिष्ट दोष असलेल्या थोड्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅबसारख्या औषधांचा लाभ होऊ शकतो. रुग्णाच्याच पेशींपासून तयार होणाऱ्या सिप्युल्युसेल-टी या उपचारात्मक लसीला अमेरिकेत २०१० साली मान्यता मिळाली. चाचणीत तिच्यामुळे रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे चार महिन्यांनी वाढले.

महाराष्ट्रातील संदर्भ

पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे. रुग्णाच्या टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या परत शरीरात सोडण्याचा 'कार-टी' उपचार ४ जून २०२१ रोजी येथे करण्यात आला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या 'नेक्सकार१९' या उपचारास भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो बी-पेशींच्या रक्ताच्या व लसिका संस्थेच्या कर्करोगांसाठी आहे. पुरःस्थ ग्रंथीसारख्या अवयवातील घन गाठीत मात्र अशा टी-पेशींना आधी गाठीत शिरावे लागते आणि नंतर तेथील दमनकारी पेशींपुढे टिकून राहावे लागते. त्यामुळे सूक्ष्मपर्यावरणाचा अभ्यास नव्या उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.